पेटी उघडली तर साधना मोडते का?

मावशी, नमस्कार.

मी ४४ वर्षांची आहे. आर्वी तालुक्यात आमचं पाच एकर वावर आहे, पऱ्हाटी, तूर आणि थोडी संत्र्याची झाडं. दोन वर्षांपूर्वी हे हार्ट अटॅकनं गेले. त्यांनी हौसेनं सातेरी मधमाशीच्या सहा पेट्या आणल्या होत्या. आत पोळं बांधायच्या चौकटीही स्वतः तार ओढून बसवलेल्या. ते गेल्यावर मला झोप लागेना. पहाटे उठून कोठ्यामागं पेट्यांपाशी जाऊन बसायची. त्या गुणगुणीनं जीव शांत व्हायचा. पुढं एका शिबिराला गेले. तिथल्या गुरुजींनी सांगितलं की मधमाशी स्वतःच साधिका आहे, पेटी उघडणं म्हणजे तिची समाधी मोडणं, धूर देणं ही हिंसा, आणि आपला भाव शुद्ध असेल तर माशी डंख मारत नाही. तेव्हापासून दीड वर्ष मी एकही पेटी उघडली नाही. रोज उदबत्ती लावते, झाकणावर गुळाचा खडा नैवेद्य म्हणून ठेवते, जप करते.

आता तीन पेट्या रिकाम्या आहेत. एकीच्या दारातून जाळं दिसतं. आश्विनात एका संध्याकाळी मनगटावर लागोपाठ तीन डंख बसले. माझाच भाव अशुद्ध झाला असेल असं वाटतं. मुलगा अकोल्याला कृषी शिकतो. तो म्हणतो, "आई, ही भक्ती नाही, हे दुर्लक्ष आहे." दीर म्हणतात, विकून टाका. आतल्या चौकटी यांनी लावलेल्या आहेत, त्या मला हलवायच्या नाहीत. पेटी उघडली तर माझी साधना मोडेल का? की पेट्याच सोडू?

– एक भगिनी, जि. वर्धा

ताई,

आधी डंखाचं बोलू. "माझाच भाव अशुद्ध झाला असेल" हे वाक्य वाचून मी पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं. दोन वर्षं तुम्ही जे सोसलं, त्यावर हे आणखी एक ओझं कशाला? हे आज उतरवून ठेवा.

माशी डंख मारते तेव्हा तिची नांगी आपल्या कातडीत अडकून राहते आणि नांगीच्या बुडातून एक वास सुटतो. पिकल्या केळ्यासारखा. आपल्याला तो आला तर आला, पण बाकीच्या माश्यांना तो लगेच कळतो: धोका इथं आहे. मग दुसरी तिथंच येते, तिसरीही तिथंच. तुम्हाला तिन्ही डंख एकाच मनगटावर का बसले, याचं उत्तर त्या वासात आहे. आता दिवस आठवा. आश्विन, संध्याकाळ. पाऊस नुकता सरलेला, तुरीला अजून फूल नाही, पोळ्यात मध कमी. बाहेर हिंडणाऱ्या म्हाताऱ्या माश्या घरी परतलेल्या, आणि दारात राखणीच्या माश्या बसलेल्या. त्या दिवसांत गांधीलमाशाही पेटीच्या दारावर घिरट्या घालतात, एकेक माशी उचलून नेतात. आधीच चिडलेल्या वसाहतीपुढं तुम्ही उदबत्ती घेऊन, कदाचित केसांना वासाचं तेल लावून, दाराच्या अगदी समोर बसलात. साक्षात संत बसले असते तरी त्यांना डंख बसला असता. माझ्या हाताला मन अगदी निवांत असतानाही डंख बसलेत, आणि घरातून भांडून रागानं निघून पेटीवर गेले त्या दिवशी एकही बसला नाही. माशीला आपला भाव कळत नाही. आपली हालचाल, आपला वास, आपण कुठं उभे आहोत, आकाश कसं आहे, हे सगळं तिला कळतं.

यापुढं डंख बसला की नांगी लगेच काढा, नखानं खरवडली तरी चालेल, चिमटीत दाबत बसू नका. त्या जागेवर थोडा धूर धरा किंवा पाण्यानं धुवा म्हणजे वास दबतो. आणि हे मुलालाही वाचून दाखवा: डंख एका जागी आणि गांधी अंगभर उठल्या, ओठ-घसा सुजला, धाप लागली, चक्कर आली, तर चुना नको, लेप नको, जप नको. मिळेल त्या गाडीनं थेट दवाखाना. तिथं इंजेक्शन लागतं आणि उशीर जिवावर बेततो. तुमच्या गावात वडावर किंवा पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ असेल, तर भाव शुद्ध असल्याच्या भरवशावर त्याच्याखाली कधीही बसू नका. सातेरी घरची माशी आहे. आग्या उठला की शेकड्यानं येतो आणि दूरवर पाठलाग करतो.

आता तुमच्या पहाटेच्या बसण्याबद्दल. ते अजिबात सोडू नका. गुरुजींच्या शिकवणीतलं एवढं मला मनापासून पटतं की माशीपाशी जाणाऱ्यानं आधी स्वतः शांत व्हावं. घाईचा माणूस मधपाळ होत नाही. त्याच्या हातून चौकट आपटते, माश्या चिरडतात आणि सगळी पेटी उठते. दीड वर्ष रोज दारापाशी बसलेल्या बाईला जे दिसलं असेल, ते चार दिवसांच्या प्रशिक्षणात कुणाला दिसत नाही. आठवून बघा. पायांना पिवळे, केशरी, कधी पांढरट पराग चिकटवून आत जाणाऱ्या माश्या तुम्ही पाहिल्याच असतील. पराग आत जातोय म्हणजे बहुतेक आत पिलं आहेत, त्यांना तो भरवायचा असतो. उन्हाळ्यात काही माश्या दारात रांग करून पंख हलवत उभ्या असतात. त्या आत वारा घालतात, कारण पिलांना साधारण ३४-३५ अंशांची ऊब लागते, जास्तही चालत नाही. मग कधीतरी एका पेटीत पराग जाणं थांबलं असेल. येणं-जाणं विरळ झालं असेल. दारात सकाळी पांढऱ्या अळ्या, कुरतडलेल्या मेणाचा भुगा पडलेला असेल. ताई, त्या दिवशी तुमच्या डोळ्यांपुढं ती पेटी बोलत होती. तिचं ऐकून हात पुढं करायला तुम्हाला मना केलं होतं.

इथं मी गुरुजींच्या विरोधात उभी राहते, आणि ठाम उभी राहते.

जंगलात झाडाच्या ढोलीत सातेरी राहते तेव्हा तिला कुणी उघडून बघत नाही, हे खरं. तिथं मेणकिडा, म्हणजे पोळं खाऊन जाळं करणारी अळी, लागला, मुंग्या आल्या, फुलोरा संपला की ती पोळं टाकून निघून जाते आणि दुसरी ढोली शोधते. सातेरीचा तो स्वभावच आहे. पण तिला ढोलीतून काढून लाकडाच्या पेटीत आपण आणलं. तिच्या भोवती जुनी झाडं किती उरलीत? धुऱ्यावरची बाभूळ, मोह, जांभूळ गेली, बाजूला फवारलेली पऱ्हाटी आहे. गाय दावणीला बांधली की तिचा चारा, पाणी, गोचीड, वासरू हे सगळं आपल्या गळ्यात येतं. बांधलेल्या गाईला "ती स्वतःच गोमाता आहे, तिचं तिला कळतं" म्हणून कुणी उपाशी ठेवत नाही. तुमच्या मुलाचा शब्द कडक होता, तरुण पोरांचा असतोच. पण पेटी ही दावण आहे, एवढं त्याच्या शब्दातून घ्या.

धुराला हिंसा म्हणणंही मला मान्य नाही. पूर्वी मध काढायचे तेव्हा मशाल लावून माश्या जाळायचे, पोळं तोडून फडक्यात पिळायचे. मधाबरोबर अंडी, अळ्या, परागही पिळला जायचा. ती हिंसा होती. मग १८५१ मध्ये अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या माणसाच्या एक गोष्ट लक्षात आली: पोळ्यांमध्ये साधारण ६ ते ९ मिलिमीटरची फट राहिली तर माश्या ती बुजवत नाहीत, जायला-यायला वाट म्हणून मोकळी ठेवतात. त्या फटीच्या मापानं त्यानं चौकटी टांगल्या आणि पोळं न तोडता बाहेर काढता येऊ लागलं. मध यंत्रात फिरवून काढायचा, पिलांच्या पोळ्याला हातही लावायचा नाही, रिकामं पोळं परत माश्यांना द्यायचं, हे पुढं त्यातूनच शक्य झालं. हा लँगस्ट्रॉथ धंद्यानं पाद्री होता, चर्चमध्ये प्रवचन करणारा. माशीला न मारता मध घेण्याची वाट देवाच्या माणसाला सापडली, ती मिलिमीटर मोजून. आपल्या वर्ध्यालाही हे परकं नाही. १९३४ साली गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला, मगनवाडीत त्याचं काम उभं राहिलं, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी ते वाढवलं. तेलघाणी, हातकागद यांच्या रांगेत मधमाशीपालनही होतं. अहिंसेचं व्रत घेतलेल्या माणसांनी पेटी उघडायला शिकवलं.

धुराचं काम दोन प्रकारचं आहे. एक, तो त्या केळ्याच्या वासावर पांघरूण घालतो. दोन, धूर लागला की माश्या पोटभर मध पिऊन घेतात आणि पोट भरलेली माशी मवाळ असते. गोवरीचा तुकडा, थोडं जुनं गोणपाट, हातावर धरला तर भाजणार नाही असा गार धूर. दारात दोन फुंका, झाकण किंचित उचलून एक, मग मिनिटभर थांबायचं. भसाभस धूर कोंडणं मात्र चूकच, तिथं गुरुजींचं बरोबर आहे.

गुळाच्या खड्याचं लिहायला मला जड जातं, पण लिहायलाच हवं. गुळानं मुंग्या येतात. झाकणावरून मुंग्या फटीत, फटीतून पोळ्यात. सातेरी मुंग्यांना फार कंटाळते. तुमची निदान एक पेटी या मुंग्यांनी उठवली असावी असा माझा अंदाज आहे. शिवाय गूळ माशीला पचत नाही, तिला हगवण लागते. नैवेद्य बंद करू नका, बदला. पेटीपासून दहा-बारा पावलांवर मातीचं पसरट भांडं ठेवा, त्यात दगडगोटे आणि काड्या टाका म्हणजे माश्यांना बसायला जागा होईल, आणि रोज पहाटे ताजं पाणी भरा. चैत्र-वैशाखात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा माश्या पाण्याचे थेंब आत नेऊन पोळं गार ठेवतात. जवळ पाणी नसेल तर मेण नरम पडून पोळं खाली कोसळतं. त्यांना खरंच पोचेल असा नैवेद्य हाच. उदबत्ती देवघरात लावा.

मी स्वतः शिकले ती उलट्या चुकीतून. पहिल्या वर्षी मला राहवायचंच नाही. दर दोन दिवसांनी झाकण काढायची, चौकटी उचलून बघायची, शेजारणींना दाखवायची. पौषातल्या थंडीतही. पिलांची ऊब जायची, माश्या सारख्या अस्वस्थ. संक्रांतीच्या सकाळी गेले तर पेटी रिकामी, पोळ्यात बंद पिलं तशीच ठेवून सगळ्या निघून गेलेल्या. त्या दिवशी मी चुलीपाशी बसून रडले. म्हणून सांगते, उघडणं हेच काही ज्ञान नाही. फुलोऱ्याच्या दिवसांत दहा-पंधरा दिवसांनी एकदा, ऊन पडल्यावर, वारा नसताना, पाच-सात मिनिटं, तेही मनात एक प्रश्न घेऊन. प्रश्न नसेल तर पेटी उघडू नये.

पुढं मेळघाटात एका कोरकू आजोबांबरोबर दोन दिवस होते. ते झाडांवरचा आग्याचा मध काढायचे. झाडाशी गेले की आधी बुंध्याला हात लावून कपाळाला लावायचे, आणि त्याच हातानं मूठभर धूळ उचलून सोडायचे, वारा कुठून आहे ते बघायला. मी विचारलं, नमस्कार आधी की वारा आधी? ते म्हणाले, "बाई, हात एकच हाय. पाया पडला अन् वारा नाही पाह्यला तर पोरं वाट पाह्यत बसन." पोळ्याचा मधाचा भाग कापून पिलांचा भाग तसाच ठेवायचा, हेही मी त्यांच्याकडं पाहिलं. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसमध्ये तेच तंत्र जाळी, पोशाख, दोर घेऊन शिकवलं गेलं.

तुम्ही विचारलंय, काय निवडू. दत्तसंप्रदायातली अवधूताच्या चोवीस गुरूंची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, आपल्याकडं नृसिंह सरस्वतींच्या कारंज्यामुळं ती घरोघर आहे. त्या चोविसांत मधमाशी एक गुरू आहे, फुलाला न दुखवता थोडं थोडं घेणारी. आणि मध काढून नेणारा माणूस हा वेगळा गुरू आहे. दोघांना वेगवेगळी जागा दिलीय. ज्यानं ही गोष्ट रचली त्यानं माशी नीट पाहिली होती आणि मध काढणाऱ्यालाही पाहिलं होतं, त्याला हाकलून दिलं नाही.

आणि गाडगेबाबा तर आपलेच, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. गावात आले की आधी खराटा. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन. खराटा ही कीर्तनाची तयारी होती की कीर्तन हा खराट्याचा शेवट, असा प्रश्न त्यांना पडला असेल असं मला वाटत नाही. तुमच्या पेटीला तळपाट असतो, खालची फळी. त्यावर मेणाचा भुगा साचतो आणि त्या भुग्यात मेणकिडा अंडी घालतो. आठवड्यातून एकदा ती फळी ओढून झाडून घेतली तर बराच मेणकिडा तिथंच संपतो. जप करत झाडा. कुणी अडवलंय?

इंग्लंडमधल्या बकफास्ट मठातही असाच एक साधू होता, ब्रदर अ‍ॅडम. वयाच्या अकराव्या वर्षी, १९१० साली, जर्मनीहून मठात आला. पुढं त्याला माश्यांच्या कामाला लावलं. १९१६ पर्यंत रोगानं मठाच्या ४६ वसाहतींपैकी १६ च उरल्या. त्याच्याकडं प्रार्थना होती, रोज ठरल्या वेळी व्हायची. पण त्यानं उरलेल्या सोळा पेट्या उघडून बघितल्या: या का जगल्या? त्या इटालियन जातीच्या किंवा तिच्या संकरातल्या होत्या. तिथून पुढं आयुष्यभर त्यानं राणीमाश्यांची निपज केली, नोंदी ठेवल्या, त्यासाठी देशोदेशी फिरला. ९८ व्या वर्षी, १९९६ मध्ये गेला, साधू म्हणूनच. मला हा माणूस फार जवळचा वाटतो, कारण त्याच्याही वाट्याला बऱ्याच रिकाम्या पेट्या आल्या होत्या.

आता पेटीच्या आत काय आहे ते सांगते. दीड वर्ष तुम्ही बाहेर बसून ऐकलंत, दर्शन राहिलंय. उन्हाकडं पाठ करा, चौकट दोन्ही हातांनी उचला, पेटीच्या वरच धरा म्हणजे राणी खाली पडली तरी आतच पडेल. ऊन खांद्यावरून पोळ्यातल्या घरांच्या तळाशी जाऊ द्या. आधी काही दिसणार नाही. मग एका घरात सुईनं ओढलेल्या रेघेएवढी पांढरी काडी दिसेल, तांदळाच्या कणीहून बारीक. ते अंडं. तळावर ताठ उभं असेल तर आज घातलंय, कललं असेल तर काल, आडवं पडलं असेल तर तिसरा दिवस. म्हणजे राणी दिसली नाही तरी तीन दिवसांपूर्वी ती इथं होती आणि चालती-फिरती होती हे कळतं. मी इतकी वर्षं बघतेय, पण पहिलं अंडं दिसलं की अजून आपोआप हात जोडले जातात, हातात चौकट असली तरी. एका घरात दोन-तीन अंडी वेडीवाकडी दिसली तर बहुतेक राणी नाही, कामकरी माश्या अंडी घालतायत. त्यातून फक्त नर निघतात आणि वसाहत संपत जाते. आणि नशीब असलं तर त्याच चौकटीवर एखादी माशी बूड हलवत सरळ रेघेत पळते, वळते, पुन्हा पळते, आणि चार-पाच जणी तिच्या मागं. फुलं कुठं आहेत ते ती सांगत असते. रेघ उभ्या दिशेपासून जेवढी कललेली, तेवढ्या कोनात सूर्यापासून फुलं. जर्मनभाषक कार्ल फॉन फ्रिश यांनी हे उलगडलं, १९७३ चं नोबेल त्यांना मिळालं. हा नाच पेटीच्या अंधारात चालतो. बाहेर बसणाऱ्याला तो दिसत नाही.

आता माघ संपत आलाय, तुमच्या संत्र्याला आंबिया बहाराची फुलं असतील. उघडायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत. सुट्टीत मुलगा आला की त्याला बरोबर घ्या. डोक्याला जाळी, पांढरट सुती कपडे, सकाळी नऊ-दहाची वेळ. उरलेल्या तीन पेट्यांत आधी अंडी शोधा. एखादीत राणी नसेल आणि माश्या थोड्या असतील, तर संध्याकाळी ती दुसरीवर ठेवा, मध्ये वर्तमानपत्राचा कागद टाचणीनं टोचून. कागद कुरतडून एकमेकींपर्यंत पोचेपर्यंत वास एक झालेला असतो, भांडण होत नाही. जाळं लागलेली पोळी ताबडतोब काढा. रिकाम्या पेट्या खरवडा, कडक उन्हात तापवा, आत पेटत्या काडाची आच फिरवा. पेट्यांच्या घोडीचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवा, मुंग्यांचा प्रश्न सुटला. चैत्रात पेट्या टिनाखालून हलवून कडुनिंबाच्या सावलीत न्या. एकदम उचलून नको, रोज हातभर सरकवत, नाहीतर माश्या जुन्या जागी घिरट्या घालत बसतात. दुपारी झाकणावर ओलं पोतं. पावसाळ्यात बाहेर फूल नसतं, तेव्हा साखर आणि पाणी सारखं घेऊन केलेला पाक, संध्याकाळी, पेटीच्या आत, बाहेर थेंब न सांडता. तुमच्या रिकाम्या पेट्यांपैकी बहुतेक दोन या उपाशी पावसाळ्यातच खचल्या असाव्यात. मेणकिडा भरल्या घरात सहसा तग धरत नाही, माश्या कमी पडून पोळं उघडं राहिलं की पसरतो.

मध घ्यायचा तो वरच्या मधकोठीतलाच, पाऊणेक घरं मेणानं बंद झाल्यावर. खालच्या पिलाव्याच्या कोठीतला त्यांचा. पंचामृतात तो मध घाला, यांच्या वर्षश्राद्धाला ठेवा, आवडेल तसं करा. एवढंच, घरात तान्हं बाळ आलं तर त्याला वर्षाच्या आत मध चाटवू नका. आपल्याकडं ती रीत आहे, पण मधातल्या एका जंतूचा तान्ह्याच्या पोटात विषार होऊ शकतो.

फवारणीचं दिरांशी बोला. पेट्या विका म्हणतात, त्यांच्यावर रागवू नका. त्यांना सांगा की तुरीला, संत्र्याला, करडईला, तिळाला माशी आली की दाणा आणि फळ धरायला मदत होते, आणि फवारायचं असेल तर माश्या परतल्यावर, दिवस मावळताना फवारा आणि आदल्या दिवशी मला सांगा. म्हणजे तुम्हाला दाराला जाळी लावून पेटी दुसऱ्या दिवशीपर्यंत कोंडता येईल. शेजारच्या धुऱ्यावरच्यांनाही हेच सांगा. आपल्या भागात २०१७ साली यवतमाळला फवारणीनं माणसं दगावली, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. माशीचा विषय काढला की माणसाच्या मास्कचा विषयही निघतो, निघू द्या.

शिकायचं असेल तर लांब जायला नको. जिल्ह्याच्या खादी ग्रामोद्योग कार्यालयात मधकेंद्र योजनेच्या प्रशिक्षणाची चौकशी करा. मोठं प्रशिक्षण हवं असेल तर पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून हेच काम करतेय.

एक गोष्ट उरली. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंत, आतल्या चौकटी यांनी लावलेल्या आहेत, त्या हलवायच्या नाहीत. मला वाटतं, गुरुजींचं सांगणं तुम्हाला इतकं पटलं ते यामुळं. पेटी बंद राहिली की त्यांनी जसं लावलं तसं आत आहे असं वाटत राहतं. पण ताई, आत तसं नाहीये. तीन पेट्यांत त्यांच्या चौकटींवर अळ्या आहेत. त्यांनी तार ओढली ती माश्यांना आधार व्हावा म्हणून.

त्या चौकटी फेकू नका. काळं पोळं कापून काढा, तारा तशाच राहू द्या, लाकूड खरवडून गरम पाण्यानं धुवा, वाळवा. कापलेल्या पोळ्यात जे मेण उरलं असेल ते जुन्या पातेल्यात पाणी घालून मंद आचेवर वितळवा, धोतराच्या फडक्यातून गाळा. किडलेल्या पोळ्यातून फार निघत नाही, पण मूठभर निघतं. त्या मेणाची बोटभर रुंद पट्टी त्यांच्याच चौकटीच्या वरच्या दांडीला आतून चिकटवा. माश्यांना कुठून सुरुवात करायची ते कळतं, त्या तिथूनच नवं पोळं ओढतात. त्यांचा धुराडा कोठ्यात कुठंतरी टांगलेला असेल, तो काढा. भाता उंदरांनी कुरतडला असेल तर नुसतं चामडं बदलून मिळतं.

तुमची,
मावशी